मनगट सव्वासहा इंचाचं, घड्याळ 46 मिलिमीटरचं

स्पष्टच लिहितो, कोणी मनाला लावून घेऊ नका.

आपल्याकडे माणसाची ऐपत मोजायची मापं बदलत गेली. आजोबांच्या वेळी विचारायचे, यंदा भात किती खंडी झालं? वडिलांच्या वेळी विचारायचे, दारात गाडी कुठली? मग गळ्यातल्या चेनची जाडी आली. आता वळ, पूर्णा, काल्हेर, दापोडा, मानकोली, कुठल्याही गावातल्या हळदीला जा, माणसं हात मिळवताना आधी मनगट बघतात. तबकडी जेवढी मोठी, तेवढा माणूस मोठा. मग काडीसारख्या मनगटावर वाटीएवढं घड्याळ घालून पोरं फोटो काढतात. त्यांच्या बॅनरवरही भाऊ हाताची घडी घालून उभे असतात ते घड्याळ दिसावं म्हणूनच.

हे लिहायला बसलो कारण मी स्वतः घड्याळ घेतोय, आणि तेही महागातलं. त्यामुळे ‘याला परवडत नाय म्हणून जळतोय’ हा मुद्दा आधीच निकालात काढा. आमच्या वाट्याच्या जागेवर गोदाम आहे, महिन्याला भाडं येतं, त्यातलं थोडं थोडं बरीच वर्षं बाजूला टाकलंय. मला लहानपणापासून वैमानिकांच्या धाटणीची घड्याळं आवडतात. काळी तबकडी, ठळक पांढरे आकडे, आत तीन छोट्या तबकड्या, बाजूला दोन बटणं. त्याला क्रोनोग्राफ म्हणतात. वेळ दाखवणारं घड्याळ आणि स्टॉपवॉच एकाच डबीत. वरचं बटण दाबलं की मोजणी सुरू, पुन्हा दाबलं की बंद, खालचं दाबलं की काटा शून्यावर.

अडचण एवढीच की माझं मनगट सव्वासहा इंच. घरात मला काडीपैलवानच म्हणतात. आणि या धाटणीचं घड्याळ म्हणजे मोठंच पाहिजे, असं सगळे सांगतात. मुंबईतल्या एका मोठ्या दुकानात गेलो तर तिथल्या पोरानं सरळ 46 मिलिमीटरचं काढून हातावर ठेवलं आणि म्हणाला, ‘‘सर, भारी दिसतंय.’’ आरशात बघितलं तर हाताला भिंतीवरचं घड्याळ बांधल्यासारखं. त्यातलंच 41 चं मागितलं तर म्हणाला, ते लेडीज कस्टमरपण घेतात. घेऊ देत की. त्यानं माझं मनगट जाड होणार आहे का?

मग मी जरा वाचलं, आणि जे कळलं ते तुम्हालाही उपयोगी पडेल म्हणून सांगतो.

वैमानिकाचं घड्याळ मोठंच असतं, हा समज अर्धाच खरा आहे. दुसऱ्या महायुद्धात जर्मन वैमानिकांना दिलेली घड्याळं 55 मिलिमीटरची होती, हे खरं. पण ती उघड्या मनगटावर घालत नव्हते. जाड कोटाच्या बाहीवरून लांब पट्ट्यानं बांधायचे. इकडे ब्रिटिश हवाई दलासाठी आयडब्ल्यूसी कंपनीनं 1940 च्या दशकाच्या शेवटी मार्क 11 बनवलं, ते फक्त 36 मिलिमीटरचं. फ्रेंच सैन्याचे 1950 च्या दशकातले टाइप 20 क्रोनोग्राफ 38 च्या आसपासचे. आपल्या एचएमटीचं ‘पायलट’ आठवतंय का? चावीचं, काळ्या तबकडीचं. क्रोनोग्राफ नव्हतं ते, पण आकारानं आजच्या पोरांना खेळणं वाटेल एवढंच होतं. खरी विमानं चालवणाऱ्यांना 36 आणि 38 पुरलं, आणि आपल्याला अंजूरफाट्याला चहा प्यायला जाताना 46 लागतं!

आता मापाचं. घड्याळाचा जो आकडा सांगतात तो डबीचा व्यास. बारीक मनगटवाल्यानं त्याच्याकडे नंतर बघायचं. आधी बघायचं पट्टा अडकवायच्या वरच्या कानापासून खालच्या कानापर्यंतचं अंतर. दुकानदार त्या कानांना लग म्हणतात. हात टेबलावर पालथा ठेवा आणि मनगटाची वरची सपाट रुंदी पट्टीनं मोजा. माझी पन्नास मिलिमीटरच्या आसपास भरते. लग ते लग अंतर त्यापेक्षा कमी पाहिजे. जास्त असेल तर कान मनगटाच्या बाहेर लोंबतात, आणि मग घड्याळ कितीही लाखाचं असो, मागून आणल्यासारखंच दिसतं.

दुसरी गोष्ट जाडी. क्रोनोग्राफ साध्या घड्याळापेक्षा जाड असतोच, आत यंत्र जास्त असतं. तेरा-चौदा मिलिमीटर चालतं. त्याच्या वर गेलं की बारीक हातावर ते डुगडुगतं, एका बाजूला कलंडतं, शर्टाच्या बाहीत जात नाही, आणि बटणं हाताच्या पाठीला टोचतात. तिसरी गोष्ट पट्टा. स्टीलच्या पट्ट्याची पहिली कडी काही घड्याळांत ताठ बाहेर येते, त्यामुळे घड्याळ आहे त्यापेक्षा लांब होतं. बारीक मनगटाला रबराचा किंवा कापडी पट्टा बरा, लगेच खाली वळतो. चामड्याचा दिसायला सुंदर, पण आपल्याकडचा मे महिन्यातला घाम आणि नंतरचे चार महिने पाऊस त्याला मानवत नाही.

आता नावं घेतो. ब्राइटलिंगचं नॅव्हिटायमर 1952 पासूनचं. त्याच्या कडेला गोल फिरणारी आकडेमोडीची पट्टी असते. कॅल्क्युलेटर नव्हते तेव्हा वैमानिक तिच्यावर इंधनाचा, वेगाचा, अंतराचा हिशोब करायचे. आज ते 41, 43 आणि 46 अशा तीन मापांत मिळतं. 41 चं लग ते लग 47 च्या आसपास, जाडी साडेतेराच्या थोडी वर. शिवाय कडेच्या त्या पट्टीमुळे मधली तबकडी लहान दिसते, म्हणून ते हातावर 41 पेक्षाही छोटंच वाटतं. वाईट बाजू अशी की पाण्याच्या बाबतीत ते नाजूक, 30 मीटरचंच. म्हणजे हात धुताना उडालेलं पाणी चालेल, जुलैमध्ये बाइकवरून मानकोलीला जाणं चालणार नाही.

आयडब्ल्यूसीचा पायलट क्रोनोग्राफ आधी 43 चा यायचा, 2021 मध्ये त्यांनी 41 चा काढला. तो 100 मीटरपर्यंत पाण्याला टिकतो, तबकडी साधी, वाचायला सोपी. जाडी साडेचौदा आहे, तेवढं हातावर घालून बघावं लागतं. जर्मनीच्या झिन कंपनीचं 356 तर 38.5 मिलिमीटरचं आहे, बारीक मनगटासाठी याहून नेमकं माप शोधून सापडणार नाही, आणि किंमतही पहिल्या दोघांपेक्षा बरीच कमी. हॅमिल्टनचा चावीचा पायोनियर क्रोनोग्राफ 40 चा आहे, तोही खिशाला हलका. झेनिथचा 42.5 चा आणि ब्रेगेचा 42 चा टाइप एक्सएक्स काचेतून बघून घ्यावा. माझ्या हातावर नको, आणि ब्रेगेच्या किमतीत तर आपल्याकडे लग्न उरकतं.

माझा कौल आयडब्ल्यूसी 41 कडे आहे. कारण साधं आहे. मला ते रोज घालायचंय, कपाटात ठेवायचं नाहीय, आणि आपल्याकडे पाऊस आहे.

एका हळदीत मी त्याचा फोटो आमच्यातल्या एकाला दाखवला. त्यानं मोबाइल लांब धरला, जवळ धरला आणि म्हणाला, ‘‘यो तं पोरांचा घड्याल वाटतं रं! एवढं पैशे देतंस तं दिसाला तरी पायजे.’’

माझी आजची पोस्ट या एका वाक्यासाठी आहे. ‘दिसाला पायजे.’ कोणाला? मला वेळ दिसतेय. बाकी कोणाला काय दिसायला पाहिजे?

या दिसण्यापायी आपल्याकडे दोन गोष्टी चालतात. एक म्हणजे फर्स्ट कॉपी. पाच-सात हजारात मोठ्या नावाचं नकली घड्याळ, छोट्या तबकड्या नुसत्या छापलेल्या, बटण दाबलं तर काटा हलत नाही. हलला तर शून्यावर येत नाही. नकली नावाचा माल विकणं हा गुन्हा आहे हे विकणाऱ्याला माहीत असतं, घेणाऱ्यालाही माहीत असतं. ज्याला हौस आहे आणि पैसे कमी आहेत त्यानं टायटनचं घ्यावं, कॅसिओचं घ्यावं. ताठ मानेनं घालता येतं. कोणी जवळून बघितलं तर हात मागे घ्यावा लागत नाही.

दुसरी गोष्ट याहून वाईट. बिल नसलेलं खरं घड्याळ. ‘दुबईवरून आणलंय’, ‘मित्रानं दिलंय’, ‘कॅशमध्ये स्वस्त पडलं’. नियम काय आहेत ते एकदा वाचून ठेवा. 1 एप्रिल 2017 पासून एका व्यवहारात दोन लाख किंवा त्याच्या वर रोख घेता येत नाही, घेणाऱ्याला तेवढ्याच रकमेचा दंड होऊ शकतो. दोन लाखांच्या वरच्या खरेदीला पॅन द्यावा लागतो. 22 एप्रिल 2025 पासून दहा लाखांच्या वरच्या मनगटी घड्याळावर दुकानदार 1 टक्का कर आगाऊ कापून घेतो. तो आपल्या रिटर्नमध्ये वळता होतो, म्हणजे ज्याचा हिशोब सरळ आहे त्याचं काहीच जात नाही. ज्याचा सरळ नाही त्याचं नाव तेवढं सरकारला कळतं. आणि स्विस घड्याळं घेणाऱ्यांसाठी एक बातमी. भारताचा स्वित्झर्लंडसह चार देशांशी झालेला व्यापार करार 1 ऑक्टोबर 2025 पासून लागू झालाय. त्यात स्विस घड्याळांवरचं आयात शुल्क सात वर्षांत टप्प्याटप्प्यानं शून्यावर यायचंय. तेव्हा ‘आत्ताच घे, नंतर महागेल’ म्हणून कोणी घाई करत असेल तर त्याला एवढं ऐकवा.

आता कोणी म्हणेल, घड्याळ ही माणसाची खासगी बाब, तू कशाला गावाचा विषय करतोस. गावाचा विषय मी नाही केला, तो आधीच झालेला आहे. 2016 मध्ये कर्नाटकचे मुख्यमंत्री सिद्धरामय्या यांच्या हातातल्या हुब्लो घड्याळावरून विधानसभेत गोंधळ झाला. मित्रानं भेट दिलं म्हणाले, आणि शेवटी ते घड्याळ विधानसभा अध्यक्षांकडे जमा करावं लागलं. 2022 च्या डिसेंबरात तामिळनाडू भाजपचे तेव्हाचे प्रदेशाध्यक्ष अण्णामलाई यांना तिथल्या मंत्र्यानं विचारलं, हातातल्या राफेल घड्याळाचं बिल दाखवा. तोसुद्धा वैमानिकी धाटणीचाच क्रोनोग्राफ, बेल अँड रॉस कंपनीचा, जगात फक्त 500 नग. 2023 च्या एप्रिलमध्ये त्यांनी कागद पुढे केले आणि दुसऱ्याकडून तीन लाखांना घेतलं असं सांगितलं. पक्ष कुठलाही असो, प्रश्न तोच. आणि मला तो प्रश्न बरोबर वाटतो.

सर्वोच्च न्यायालयानंही यावर बोलून ठेवलंय. अरुणाचल प्रदेशातल्या एका आमदाराच्या निवडणुकीचा खटला होता, निकाल 9 एप्रिल 2024 चा. न्यायालय म्हणालं की उमेदवारानं घरातली प्रत्येक बारीकसारीक वस्तू शपथपत्रात लिहिलीच पाहिजे असं नाही. पण उदाहरण कशाचं दिलं? घड्याळाचं. साधं घड्याळ लिहायचं राहिलं तर दोष धरता येणार नाही, पण महागड्या घड्याळांचा साठा असेल आणि तो लपवला, तर मतदारापासून त्याचं राहणीमान लपवल्यासारखं होईल. म्हणजे देशाच्या सर्वांत मोठ्या न्यायालयाच्या लेखी नेत्याचं मनगट हा मतदाराच्या हक्काचा विषय आहे.

मग आपण का लाजायचं? भाऊंच्या वाढदिवसाला केक कापताना हातात जे चमकतं, ते मानधनातलं आहे, भाड्यातलं आहे, की कोणत्या तरी कंपाउंडच्या मालकाची भेट आहे, हे विचारायला काय हरकत आहे? मी कोणाचं नाव घेत नाही, कारण मला कोणावर आरोप करायचा नाहीय. प्रश्न सगळ्यांना सारखा आहे. ज्याच्याकडे बिल आहे तो हसत दाखवेल.

आणि आता आपल्या घरातलं. सगळ्यात अवघड हेच.

भिवंडीच्या या पट्ट्यात गोदामं आली कारण मुंबईला लागून होतो आणि मुंबईच्या जकातीबाहेर होतो. आपल्या कर्तृत्वानं आली नाहीत. जकात गेली, जीएसटी आला, गोदामं उलट वाढली. ज्यांनी खाचरं भाड्यानं दिली त्यांच्या घरी दर महिन्याला काही येतं. ज्यांनी विकली त्यांच्या घरी एकदाच आलं, आणि त्या एकदाच आलेल्यातून गाडी, हळद, चेन, घड्याळ झालं. लोक त्यांना गुंठामंत्री म्हणून हसतात. मला हसू येत नाही. त्यातली काही पोरं आज आपल्याच आजोबांच्या जमिनीवर उभ्या असलेल्या गोदामाच्या गेटवर गाड्यांची नोंद करायला बसतात. हातात घड्याळ अजून आहे. कंटेनर आत किती वाजता आला, बाहेर किती वाजता गेला, ते त्यात बघून लिहितात.

म्हणून माझा नियम एकच आहे. जमिनीच्या पैशातून घड्याळ नाही. भाड्यातून, पगारातून, धंद्यातून, आणि घरातलं शिक्षण-आजारपण बाजूला काढून जे उरतं त्यातून. सात ते दहा लाखांच्या घरातलं घड्याळ घेणाऱ्यानं हेही लक्षात ठेवावं की चार-पाच वर्षांनी त्याची सर्व्हिसिंग करावी लागते आणि क्रोनोग्राफला तो खर्च हजारांत नाही, दहा-दहा हजारांत मोजायचा असतो. ज्याला सर्व्हिसिंगचा खर्च जड वाटेल त्याला ते घड्याळ झेपणारं नाही, हातावर कितीही शोभत असलं तरी.

सर्व्हिसिंगवरून आठवलं. 29 एप्रिल 2023. वळपाड्याच्या वर्धमान कंपाउंडमधली इमारत दुपारी कोसळली. खाली गोदामाचं काम, वर बिऱ्हाडं. आठ जण गेले. दुसऱ्या दिवशीही ढिगाऱ्याखालून माणसं काढत होते. आपल्यापैकी बरेच जण तिथे उभे होते, तुम्हाला सांगायला नको. घड्याळाची सर्व्हिसिंग कधी करायची ते आपण लक्षात ठेवतो. आपण भाड्यानं दिलेल्या बांधकामाचे पिलर शेवटचे कधी तपासले, आग विझवायच्या नळ्या भरल्यात का, वर बेकायदा मजला चढवलाय का, हे कितीजण सांगू शकतील? मालक म्हणून भाडं घेतो ते आपण, आणि खाली काम करतो तो माथाडी, लोडर, पॅकिंगवाल्या बाया. त्यांचा वेळ मिनिटावर मोजला जातो. त्यांचा जीवही कोणीतरी मोजला पाहिजे.

एक गंमत सांगतो. बऱ्याच क्रोनोग्राफच्या कडेला टॅकीमीटर नावाचे आकडे असतात. एक किलोमीटरच्या दगडापाशी बटण दाबायचं, पुढच्या दगडापाशी पुन्हा दाबायचं, काटा जिथे थांबेल तो तुमचा ताशी वेग. 45 सेकंद लागले तर 80. पण बहुतेक घड्याळांत हे आकडे 60 लाच संपतात, कारण एका मिनिटात एक किलोमीटरसुद्धा होणार नाही असा महामार्ग बनवणाऱ्याच्या डोक्यातच आला नसावा. त्यानं आपला काल्हेर ते अंजूरफाटा रस्ता बघितला नव्हता. 2018 च्या डिसेंबरात मेट्रो पाचचं भूमिपूजन झालं, आणि त्या रस्त्यावर स्टॉपवॉचचा सेकंदकाटा किती फेऱ्या मारतो हे मोजायचं तर तीस मिनिटांची छोटी तबकडीही अपुरी पडते. यासाठी लाखाचं घड्याळ नको, पाचशेचं पण चालेल. फक्त आपल्यापैकी प्रत्येकानं आपला रोजचा वेळ लिहून ठेवावा आणि पुढच्या वेळी मत मागायला कोणी आलं की तो कागद पुढे करावा.

तर सांगायचं एवढंच. हौस करा, जरूर करा. आपल्या आधीच्या पिढ्यांनी चिखलात उभं राहून हौस मारली, आपण ती का मारायची? पण घेताना स्वतःला तीन प्रश्न विचारा. हे माझ्या मापाचं आहे का? याचं बिल आहे का? हे कुठल्या पैशाचं आहे? तिन्हींचं उत्तर खणखणीत आलं तर 38 घ्या, 41 घ्या, तुमचं मनगट भरत असेल तर 46 पण घ्या, पैलवानाला शोभतं ते. आणि हेच तीन प्रश्न ज्यांना आपण निवडून देतो त्यांच्या मनगटाकडे बघूनही विचारा. मापाचं आहे का हा पहिला प्रश्न त्यांच्यासाठी सोडून दिला तरी चालेल. बाकीचे दोन सोडू नका.

पटलं तर पुढे पाठवा. नाय पटलं तर समोर बोला, मी संध्याकाळी नाक्यावर असतोच.